नाथमाधव : ‘वीरधवल’ लिहिणाऱ्या कादंबरीकाराची जीवनकथा



जादू, राजवाड्यातली कारस्थानं आणि स्वतःला शोधत निघालेला एखादा नायक, अशा गोष्टी तुम्हाला फार आवडतात. मोबाईलवर त्या बघताना जेवायचंसुद्धा भान राहत नाही. पण त्या बहुतेक परदेशातल्या असतात. त्यामुळे मराठीत असं काही लिहिलंच गेलं नाही, असा तुमचा समज होतो. तो खरा नाही. मराठीत अशी एक कादंबरी १९१३ साली आली. तिचं नाव ‘वीरधवल’ आणि लेखकाचं नाव नाथमाधव.

गोष्टीचा कच्चा माल आपल्या आजूबाजूला

आधी आपल्याच भागाकडे बघू. मुरबाड तालुक्यात गोरखगड आणि मच्छिंद्रगड शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांना नावं नाथपंथाच्या गुरूंची. नवनाथांच्या चमत्कारांच्या गोष्टी तुमच्यापैकी अनेकांनी आजीकडून ऐकल्या असतील. ही झाली जादू.

आता शहापूरकडे या. आसनगाव स्टेशनवर उतरलं की माहुलीचे सुळके दिसतात. बुडणारी निजामशाही वाचवण्यासाठी शहाजीराजांनी एका लहान मुलाला गादीवर बसवून राज्य चालवलं होतं. शेवटी मुघल आणि आदिलशाही फौजा एक झाल्या, याच माहुलीला वेढा पडला आणि १६३६ मध्ये निजामशाही संपली. हे झालं राजकारण.

म्हणजे अद्भुत कादंबरीला लागणारं सगळं सामान आपल्या दोन तालुक्यांतच आहे. ते जोडून गोष्ट रचणारा माणूस मात्र लागतो. नाथमाधव तसे होते.

जन्म आणि तरुणपण

नाथमाधव हे टोपणनाव. खरं नाव द्वारकानाथ माधवराव पितळे. द्वारकानाथमधला ‘नाथ’ आणि वडिलांच्या नावातला ‘माधव’ मिळून ‘नाथमाधव’ झालं. त्यांचा जन्म ३ एप्रिल १८८२ रोजी मुंबईत झाला. शाळेचं शिक्षण पुरं झालं नाही. पुढे कुलाब्याच्या तोफांच्या कारखान्यात त्यांनी नोकरी धरली. हा तरुण पुढे लेखक होईल, असं तेव्हा कुणाला वाटलं असेल? अंगात रग होती आणि शिकारीचा नाद होता.

सिंहगडाचा कडा

१९०५ साली ते शिकारीसाठी सिंहगडावर गेले आणि कड्यावरून खाली कोसळले. जीव वाचला, पण कमरेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. वय होतं अवघं तेवीस.

तुमच्यापैकी जे गोरखगडाच्या खोदीव पायऱ्या चढले आहेत, त्यांना कडा म्हणजे काय हे सांगायला नको. एका हाताने खोबणी धरायची आणि खाली बघायचं नाही. तिथे एक पाय चुकला तर काय होतं, ते या माणसाने आयुष्यभर भोगलं. त्या काळी आजच्यासारखे उपचार नव्हते, सोयी नव्हत्या. रोज कारखान्यात जाणारा, रानात भटकणारा तरुण एका खाटेवर येऊन पडला.

बरं, इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. अपघात झाला आणि ते लेखक झाले, असं पुष्कळदा थोडक्यात सांगितलं जातं. पण अपघात अनेकांना होतात, सगळे काही लेखक होत नाहीत. मधली पायरी आपण विसरतो, ती म्हणजे वाचन. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी मराठी आणि इंग्रजी पुस्तकं वाचायला घेतली. जी शाळा अर्धवट सुटली होती, ती त्यांनी अशी खाटेवर पुन्हा भरवली. वाचता वाचता आपणही लिहू शकतो, हे त्यांच्या लक्षात आलं.

पहिली पुस्तकं आणि ‘वीरधवल’

१९०८ मध्ये त्यांची ‘प्रेमवेडा’ ही कादंबरी आली. १९०९ मध्ये ‘सावळ्या तांडेल’. तांडेल म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा म्होरक्या. ज्याला खोलीबाहेर जाणं अवघड, त्याने वाचकाला समुद्रावर नेलं!

नंतर १९१३ मध्ये ‘वीरधवल’ आली. राजघराण्यातले डावपेच, शूर नायक, अंगावर काटा आणणारे अद्भुत प्रसंग असा तिचा थाट. त्या काळी इंग्रजीतल्या रेनॉल्ड्स या लेखकाच्या रहस्यमय कादंबऱ्या भारतात खूप वाचल्या जात. हिंदीत देवकीनंदन खत्री यांच्या ‘चंद्रकांता’ने वाचकांना वेड लावलं होतं. मराठी वाचकालाही तशी गोष्ट हवी होती. ‘वीरधवल’ लोकांनी डोक्यावर घेतली आणि नाथमाधवांचं नाव घरोघरी गेलं.

या कादंबरीकडे बघताना मला नेहमी वाटतं, की तिच्यातली धावपळ, झुंजी आणि साहसं एका जागी बसलेल्या माणसाने लिहिली आहेत. पायांनी जे करता येत नव्हतं, ते त्याने शब्दांकडून करून घेतलं.

कल्पनेतून समाजाकडे आणि इतिहासाकडे

नाथमाधव अद्भुत गोष्टींवरच थांबले नाहीत. ‘डॉक्टर’ या कादंबरीत त्यांनी शिकलेल्या स्त्रीचं जगणं मांडलं. मुलींना शाळेत पाठवायलाही घरं कचरत होती, तेव्हाची ही गोष्ट, बरं का!

१९२१ पासून त्यांनी शिवकाळावर कादंबऱ्यांची मालाच सुरू केली. ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’, ‘स्वराज्याची स्थापना’, ‘स्वराज्याचा कारभार’ अशी तिच्यातली नावं. हरि नारायण आपटे यांनी ऐतिहासिक कादंबरीची जी वाट रुळवली होती, तिच्यावरून नाथमाधव पुढे गेले. आणि बघा, ज्या गडाने त्यांचे पाय नेले, त्याच गडांच्या राज्याची गोष्ट सांगण्यात त्यांनी शेवटची वर्षं घालवली. त्यांच्या मनात गडांविषयी राग राहिला असता तरी कुणी नावं ठेवली नसती. तो या लेखनात दिसत नाही.

त्यांच्या लेखनात दोष नव्हते असं नाही. प्रसंगांची गर्दी होते, माणसं कधी फारच चांगली किंवा फारच वाईट असतात, इतिहासात कल्पना मिसळते. म्हणून या कादंबऱ्या गोष्ट म्हणून वाचाव्यात, इतिहासाच्या पेपरात उत्तर म्हणून लिहू नयेत! पण वाचकाला पुढचं पान उलटायला लावण्याची त्यांची ताकद मोठी होती.

२१ जून १९२८ रोजी, वयाच्या ४६व्या वर्षी नाथमाधवांचं निधन झालं. अपघातानंतर त्यांना तेवीस वर्षं मिळाली, जवळजवळ तेवढीच जेवढी अपघाताआधी मिळाली होती. आज आपण त्यांना ओळखतो ते या दुसऱ्या तेवीस वर्षांमुळे.

यातून आपण काय घ्यायचं?

आपल्या भागात घरच्या अडचणीमुळे, आजारपणामुळे, वीटभट्टीवर जाणाऱ्या आईबापांबरोबर जावं लागल्यामुळे अनेक मुलांची शाळा मध्येच सुटते. एकदा शाळा सुटली की सगळं संपलं, असं त्या मुलांना वाटतं. त्यांना नाथमाधवांची गोष्ट जरूर सांगा. नुसती सांगू नका, सोबत एक पुस्तकही द्या. कारण नाथमाधवांना उभं केलं ते पुस्तकांनीच.

विचार करा आणि लिहा

१. ‘नाथमाधव’ हे टोपणनाव कसे तयार झाले?
२. अपघात आणि लेखन यांच्यामधली पायरी कोणती? तुमच्या शब्दांत सांगा.
३. माहुली किंवा गोरखगडावर घडणारी एक अद्भुत गोष्ट दहा-बारा ओळींत लिहा. त्या आधी घरातल्या मोठ्या माणसांकडून त्या गडाबद्दल ऐकून या.