माणसांसाठी नगर : सर पॅट्रिक गेडिस यांचे जीवनकार्य

आदर्श नगराचे स्वप्न मानव फार पूर्वीपासून पाहत आला आहे. १५१६ साली सर थॉमस मोर यांनी एका कल्पित राज्यावर ग्रंथ लिहिला आणि त्या राज्यास युटोपिया असे नाव दिले. या ग्रीक शब्दाचा अर्थ कोठेही नसलेले ठिकाण असा आहे. परंतु उच्चारसाम्यामुळे त्यातून चांगले ठिकाण असाही अर्थ निघतो. कोठेच नसलेल्या नगराचे चित्र रंगविण्यापेक्षा आहे तेच नगर चांगले करावे, या दुसऱ्या अर्थासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, ते म्हणजे सर पॅट्रिक गेडिस.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलटर या गावी झाला. वडील सैन्यात होते. लंडन येथे थॉमस हक्सले यांच्या हाताखाली त्यांनी जीवशास्त्राचे अध्ययन केले. पदवी मात्र घेतली नाही. तरुणपणी मेक्सिकोत असताना काही काळ त्यांची दृष्टी गेली आणि सूक्ष्मदर्शकावर अवलंबून असलेले संशोधन त्यांना सोडावे लागले. पुढे ते डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. वनस्पती जशी माती, पाणी व प्रकाश यांच्याशी बांधलेली असते, तसा माणूस आपल्या स्थानाशी व श्रमाशी बांधलेला असतो, हे त्यांच्या विचाराचे बीज होय.

१८८६ मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतर हे दांपत्य एडिंबरोच्या जुन्या भागातील दाट, गलिच्छ वस्तीत राहावयास गेले. शेजाऱ्यांना सोबत घेऊन त्यांनी भिंती रंगविल्या, पडकी घरे दुरुस्त केली, रिकाम्या जागांत बागा फुलविल्या. १८८७ मध्ये त्यांनी तेथे विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू केले. त्याचा कारभार विद्यार्थीच पाहत असत. निवासी शाळेत वाढलेल्या वाचकांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगावयास नको.

१९१४ मध्ये ते भारतात आले. त्यांचे नगरविषयक प्रदर्शन घेऊन येणारे जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडविले. तरीही खचून न जाता त्यांनी नवे साहित्य जमविले आणि १९१५ च्या प्रारंभी मद्रासला प्रदर्शन भरविले. त्यानंतर अनेक भारतीय शहरांची पायी पाहणी करून त्यांनी अहवाल लिहिले.

त्या काळचे शासकीय धोरण निराळे होते. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढावेत, म्हणजे रोग हटेल, अशी समजूत होती. प्रत्यक्षात घर गमावलेला गरीब मनुष्य शेजारच्या, आधीच भरलेल्या वस्तीत शिरे. तेथील गर्दी व भाडे दोन्ही वाढत. ज्याच्या कल्याणासाठी योजना, तोच बेघर, हा विपर्यास गेडिस यांनी परखडपणे मांडला. अगदीच मोडकळीस आलेली मोजकी घरे काढावीत, लहान चौक मोकळे करावेत, विहिरी व झाडे राखावीत आणि वस्ती जागेवरच सुधारावी, असा त्यांचा उपाय होता. त्यास खर्चही कितीतरी कमी येई.

होळकरांच्या इंदुरात त्यांनी दिवाळीच्या सुमारास एक अपूर्व मिरवणूक काढली. जो मार्ग अधिक स्वच्छ असेल तेथून ती जाईल, असे जाहीर होताच लोकांनी घरे व गल्ल्या झाडून काढल्या. घाणीचा राक्षस व प्लेगचा उंदीर यांच्या प्रतिमा शेवटी जाळण्यात आल्या. सफाई कामगार स्वच्छ वस्त्रांत, फुलांनी सजविलेले झाडू घेऊन सन्मानाने चालले. मात्र एका दिवसाच्या सन्मानाने जन्मावर लादलेले काम सुटत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. जुन्या वस्तीचा जिव्हाळा जपताना तिच्यातील जातीची भिंतही जपली जाण्याचा धोका असतो. गेडिस यांच्या विचाराची ही मर्यादा होय.

१९१७ हे वर्ष त्यांना फार कठोर गेले. ज्येष्ठ पुत्र महायुद्धात पडला आणि त्याच वर्षी पत्नीचेही निधन झाले. दुःख गिळून त्यांनी काम चालू ठेवले. १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. गोविंद सदाशिव घुर्ये हे त्यांचे विद्यार्थी. त्याच सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करीत होते आणि परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहत होते. शहराविषयीची धोरणे कागदावर आखली जातात. ती भोगावी लागतात अशा चाळींच्या खोल्यांत.

१९२४ मध्ये प्रकृतीमुळे गेडिस यांनी भारत सोडला. पुढल्याच वर्षी त्यांनी तेल अवीव शहराचा आराखडा तयार केला. १९३२ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी फ्रान्समधील माँपेलिए येथे त्यांचे निधन झाले.

आज पुनर्विकासाच्या नावाखाली वस्त्या उठतात आणि उंच इमारती उभ्या राहतात. आपल्यापैकी कोणी अभियंता होईल, कोणी अधिकारी, कोणी नगरसेवक. नकाशावर रेघ ओढण्यापूर्वी त्या गल्लीतून एकदा पायी चालावे, तेथील माणसांना विचारावे आणि उठवलेला प्रत्येक जण कोठे जाणार याचे उत्तर आधी शोधावे, एवढा धडा गेडिस यांच्या जीवनातून अवश्य घेता येईल.