महाराणी सईबाईंचं आजारपण, कापूरहोळची धाराऊ आणि शरीर झिजवणारा दाह

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना कापूरहोळला भोरचा फाटा लागतो. इथे चहाला थांबणाऱ्या कितीजणांना माहीत असतं, की छत्रपती संभाजी महाराजांना दूध पाजणारी धाराऊ गाडे याच गावची?

पण बाळाला दूध-आई का शोधावी लागली? कारण आई आजारी होती. ती आई म्हणजे महाराणी सईबाई.

सईबाई फलटणच्या नाईक निंबाळकरांच्या कन्या. १६ मे १६४० रोजी पुण्यात त्यांचं शिवरायांशी लग्न झालं, तेव्हा दोघंही लहान होते. सखुबाई, राणूबाई आणि अंबिकाबाई या तीन मुलींनंतर १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर शंभूराजांचा जन्म झाला. त्यानंतर सईबाईंची तब्येत ढासळली आणि भोरच्या मुलखातून धाराऊला बोलावणं गेलं.

आईचं दूध तयार व्हायला शरीराला दिवसाला सुमारे ५०० कॅलरी लागतात. निरोगी बाळंतिणीला हा खर्च पेलतो. पण आजारी शरीरात आधीच दुसरं युद्ध सुरू असतं.

त्या युद्धाला डॉक्टर इन्फ्लमेशन म्हणतात, मराठीत दाह. जंतूंशी लढताना पांढऱ्या पेशी भरपूर ऊर्जा वापरतात. ताप एक अंश सेल्सिअसने वाढला, की शरीराचा ऊर्जाखर्च साधारण १० ते १३ टक्क्यांनी वाढतो. त्यात भूक मरते.

नुसत्या उपासात शरीर चरबी जाळून स्नायू शक्य तितके वाचवतं. दाहात मात्र स्नायूही मोडून खर्ची पडतात. म्हणूनच लांबलेल्या आजारात माणूस खाऊनही खंगत जातो.

सईबाईंना नेमका कोणता आजार होता, हे आज ठरवता येणार नाही. तो दोन वर्षं हटला नाही, एवढं मात्र खरं. ५ सप्टेंबर १६५९ रोजी वेल्ह्यातल्या राजगडावर त्यांनी प्राण सोडला. वय पंचविशीच्या आसपास. शंभूराजे सव्वादोन वर्षांचे होते आणि अफजलखान स्वराज्यावर चालून आला होता. पुढे शंभूराजांना वाढवलं ते आजी जिजाऊंनी.

आता गोष्टीला एक वेगळं वळण. आजारी प्राण्यांना खंगवणारा एक रेणू शास्त्रज्ञांनी शोधला आणि त्याला कॅकेक्टिन नाव दिलं. १९८५ मध्ये कळलं, की हा तर आधीच माहीत असलेला टीएनएफ! १९९३ मध्ये तोच रेणू लठ्ठ उंदरांच्या चरबीत जास्त प्रमाणात सापडला.

खंगवणारा रेणू लठ्ठपणात काय करतो? चरबीच्या पेशी फुगल्या, की तिथे भक्षक पेशी गोळा होतात आणि मंद दाह सुरू होतो. ताप नाही, दुखणं नाही. पण टीएनएफसारखे रेणू पेशींना इन्सुलिनचा निरोप नीट पोचू देत नाहीत. रक्तात साखर साचते आणि मधुमेहाची वाट मोकळी होते. तीव्र दाह शरीर झिजवतो, तर मंद दाह ऊर्जेचा हिशोब बिघडवतो.

म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. बाळंतपणानंतर ताप आला तर अशक्तपणा समजून घरी बसू नका, लगेच दवाखाना गाठा. आणि पोटाचा घेर वाढत असेल तर काही दुखत नाही म्हणून निश्चिंत राहू नका. रोजचं चालणं आणि वजनात थोडी घट यांनीही हा मंद दाह कमी होतो.

राजगडाच्या पद्मावती माचीवर सईबाईंची समाधी दाखवली जाते. पुढच्या वेळी गड चढाल तेव्हा तिथे क्षणभर थांबा. आणि परतीच्या वाटेवर कापूरहोळला धाराऊचीही आठवण काढा.