विश्लेषण : पोलीसप्रमुखाला हटवताच येत नसेल तर? लॉस एंजेलिसच्या विल्यम पार्कर यांची कारकीर्द काय सांगते?

शहराचा पोलीसप्रमुख महापौरांच्या मर्जीने नेमावा, की परीक्षा घेऊन, नोकरीचे पक्के संरक्षण देऊन? अमेरिकेतील शहरांमध्ये हा वाद आजही होतो. या वादाच्या दोन्ही बाजू एकाच माणसाच्या आयुष्यात पाहायला मिळतात. विल्यम पार्कर हे १९५० ते १९६६ अशी १६ वर्षे लॉस एंजेलिसचे पोलीसप्रमुख होते. ज्या नियमामुळे त्यांना कोणी हात लावू शकले नाही, तो नियम घडवण्यात त्यांचाच पुढाकार होता.

सिव्हिल सर्व्हिस म्हणजे काय?

भारतात सिव्हिल सर्व्हिस म्हटले की यूपीएससी, आयएएस आणि आयपीएस आठवतात. अमेरिकेत मात्र बहुतेक शहरांचे पोलीस दल त्या शहराचेच असते आणि त्याचा प्रमुखही शहरच नेमते. तिथे सिव्हिल सर्व्हिसचा नियम लागू करणे म्हणजे साधारण दोन गोष्टी : निवड आणि बढती परीक्षेच्या गुणांवर होणार आणि ठोस कारण सिद्ध झाल्याशिवाय नोकरीवरून काढता येणार नाही. शिपायाला आणि हवालदाराला हे संरक्षण असावे, यावर फारसा वाद नाही. खरा वाद आहे तो प्रमुखाला ते असावे का, यावर.

पार्कर पोलिसात आले तेव्हा काय स्थिती होती?

पार्कर यांचा जन्म १९०५ मध्ये साउथ डकोटातील लीड या खाणींच्या गावी झाला. तरुणपणी ते लॉस एंजेलिसला आले आणि १९२७ मध्ये पोलिसात भरती झाले. नोकरी सांभाळत त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले आणि १९३० मध्ये वकिलीची परवानगी मिळवली.

तो काळ दारूबंदीचा होता. जुगार, वेश्याव्यवसाय आणि चोरटी दारू यांतून येणारा पैसा राजकारणी आणि पोलीस यांच्यात वाटला जाई. महापौर बदलला की प्रमुखही बदले. १९३३ मध्ये फ्रँक शॉ महापौर झाले. त्यांचा भाऊ नोकऱ्या आणि बढत्या विकतो, असे आरोप होऊ लागले. जानेवारी १९३८ मध्ये तर या भ्रष्टाचाराचा शोध घेणाऱ्या हॅरी रेमंड या खासगी तपासनिसाच्या गाडीत बॉम्ब ठेवण्यात आला. रेमंड वाचले. बॉम्ब ठेवल्याबद्दल दोषी ठरला तो पोलीस दलातलाच एक कॅप्टन. त्याच वर्षी मतदारांनी शॉ यांना मुदतीआधीच पदावरून खाली खेचले.

संरक्षणाचा नियम कसा आला?

पोलीस आणि अग्निशमन कर्मचाऱ्यांच्या संघटनेत पार्कर यांच्या कायद्याच्या ज्ञानाचा उपयोग झाला. शहराच्या सनदेतील कलम २०२ मधील दुरुस्त्यांचा मसुदा तयार करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९३४ मध्ये मतदारांनी मान्य केलेल्या दुरुस्तीने पोलिसाची नोकरी म्हणजे जणू त्याची मालमत्ताच ठरली. त्याच्यावरील आरोपांची सुनावणी वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांच्या मंडळापुढे होणार होती. १९३७ च्या दुरुस्तीने हेच संरक्षण पोलीसप्रमुखालाही मिळाले.

कागदावर दल पाच नागरिकांच्या पोलीस आयोगाच्या हाताखाली होते आणि आयोगाचे सदस्य महापौर नेमत. पण ज्या प्रमुखाला सहजी काढता येत नाही, त्याच्यावर अंकुश ठेवायचा कसा, याचे उत्तर सनदेत नव्हते. महापौरांच्या लहरीला आणि पैशाच्या बाजाराला आळा घालण्याच्या नादात हा प्रश्न मागे पडला.

पार्कर प्रमुख कसे झाले?

दुसऱ्या महायुद्धात पार्कर सैन्यात दाखल झाले, नॉर्मंडीत जखमी झाले आणि नंतर जर्मनीत पोलीस दलांची नवी घडी बसवण्याच्या कामात होते. ते परतल्यावर १९४९ मध्ये वेश्याव्यवसायाशी संबंधित एका प्रकरणाने दल हादरले आणि प्रमुखांना पायउतार व्हावे लागले. प्रमुखपदासाठी परीक्षा झाली. नियमानुसार पहिल्या तिघांतून पोलीस आयोगाने एकाला निवडायचे होते. पार्कर परीक्षेत पहिले आले, तरी आयोगातील बहुमत लोकप्रिय अधिकारी थॅड ब्राउन यांच्याकडे झुकलेले होते. निवडीच्या तोंडावर ब्राउन यांच्या बाजूच्या एका सदस्याचे निधन झाले आणि पारडे फिरले. ऑगस्ट १९५० मध्ये पार्कर प्रमुख झाले.

या संरक्षणाचा फायदा काय झाला?

राजकीय फोन येण्याची भीती नसल्याने पार्कर यांनी दल मुळापासून बदलले. भरतीचे निकष कडक केले, प्रशिक्षणाला शिस्त लावली, अंतर्गत चौकशीची यंत्रणा मजबूत केली आणि नियोजन व संशोधनासाठी वेगळा विभाग उभारला. सुमारे २० लाख वस्तीच्या आणि दूरवर पसरलेल्या शहरात मनुष्यबळ कमी होते, म्हणून गाडीतून गस्त घालणाऱ्या चपळ पोलिसांवर भर दिला. बढती विकत घेण्याचे दिवस संपले. ‘ड्रॅगनेट’ या दूरचित्रवाणी मालिकेमुळे या दलाची सचोटीची प्रतिमा देशभर पोहोचली. मालिकेच्या संहिता पोलीस दल तपासून देत असे.

१९५१ च्या नाताळात कोठडीतील सात तरुणांना पोलिसांनी बेदम मारहाण केली. त्यांतले पाच मेक्सिकन वंशाचे होते. या प्रकरणी आठ पोलिसांवर खटले झाले, पाच दोषी ठरले आणि पार्कर यांनी अनेकांना निलंबित केले किंवा त्यांच्या बदल्या केल्या. पण दलाबाहेरच्या कोणी पोलिसांची चौकशी करावी, या कल्पनेला त्यांचा अखेरपर्यंत विरोध राहिला.

मग बिघडले कुठे?

राजकारण्यांपासून मिळालेले संरक्षण हळूहळू नागरिकांपासूनचेही संरक्षण बनले. पार्कर यांच्या गुप्तवार्ता विभागाने गुन्हेगारांबरोबर राजकारण्यांचीही माहिती जमवली. १९६१ मध्ये महापौरपदाच्या प्रचारात त्यांच्यावर टीका करणारे सॅम यॉर्टी निवडून आल्यावर त्यांचे समर्थक झाले. त्यामागे पोलिसांकडच्या फायली असल्याची कुजबुज शहरात होत राहिली. परवानगीविना घरात शिरून मायक्रोफोन बसवण्याला पार्कर यांनी दिलेली मंजुरी १९५५ मध्ये न्यायालयात उघड झाली. बेकायदा मिळवलेला पुरावा चालणार नाही, असा निकाल कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच खटल्यात दिला.

कृष्णवर्णीय वस्त्यांतील तक्रारींना तर दारच नव्हते. तक्रार पोलिसांकडेच करायची आणि निकालही पोलिसांनीच द्यायचा. ११ ऑगस्ट १९६५ रोजी वॉट्स भागाजवळ एका वाहनचालकाला अटक करताना झटापट झाली आणि दंगल उसळली. सहा दिवसांत ३४ जणांचा मृत्यू झाला, हजारावर जखमी झाले आणि सुमारे चार हजार जणांना अटक झाली. पार्कर यांनी दंगेखोरांची तुलना प्राणिसंग्रहालयातील माकडांशी केली. शहरातून संतापाची लाट उठली, पण त्यांचे पद हलले नाही. चौकशी आयोगाने तक्रारींसाठी स्वतंत्र यंत्रणा सुचवली, मात्र पार्कर सक्षम असल्याचेच म्हटले.

१६ जुलै १९६६ रोजी एका सत्कार समारंभात ते कोसळले आणि त्यांचा मृत्यू झाला. तोवर त्यांना पदावरून कोणी हटवू शकले नव्हते.

नियम कधी बदलला?

तरुणपणी पार्कर यांचे वाहनचालक असलेले डॅरिल गेट्स १९७८ मध्ये प्रमुख झाले. मार्च १९९१ मध्ये रॉडनी किंग या कृष्णवर्णीय व्यक्तीला पोलीस मारत असल्याची चित्रफीत जगाने पाहिली. महापौर टॉम ब्रॅडली स्वतः पार्कर यांच्या हाताखाली काम केलेले माजी पोलीस अधिकारी होते. त्यांनी राजीनामा मागितला, तरी गेट्स यांनी दिला नाही. आयोगाने सक्तीच्या रजेवर पाठवल्यावरही ते काही दिवसांत परतले. एप्रिल १९९२ मध्ये आरोपी पोलीस सुटले आणि झालेल्या दंगलीत ५० हून अधिक जणांचे बळी गेले. जूनमध्ये मतदारांनी सनद बदलली. आता प्रमुखाची मुदत पाच वर्षे असते आणि ती एकदाच वाढवता येते.

या बदलाचा अर्थ काय?

लॉस एंजेलिस जुन्या मर्जीच्या पद्धतीकडे परतले नाही. शिपायांचे संरक्षण कायम राहिले आणि बदलले ते फक्त प्रमुखाचे. ठरलेली मुदत असल्याने महापौर रागाच्या भरात उद्याच प्रमुखाला घरी पाठवू शकत नाहीत, आणि प्रमुखालाही पाच वर्षांनी आपल्या कामाचा हिशेब द्यावा लागतो. १९९७ मध्ये विली विल्यम्स आणि २००२ मध्ये बर्नार्ड पार्क्स यांना दुसरी मुदत नाकारण्यात आली. पार्कर यांच्या काळात हे अशक्य होते. त्यांच्या नावाचे पोलीस मुख्यालय, पार्कर सेंटर, २०१९ मध्ये पाडण्यात आले. बढत्यांचा बाजार बंद करणाऱ्या आणि प्रमुखाला नागरिकांच्या आवाक्याबाहेर नेणाऱ्या त्या जुन्या दुरुस्तीचा धडा मात्र प्रमुखाला संरक्षण द्यायला निघालेल्या प्रत्येक शहरासाठी आजही उपयोगी आहे.