भूदासमुक्तीमागील राजस्नुषा

रशियातील भूदासांच्या मुक्तीचे श्रेय इतिहास झार दुसऱ्या अलेक्झांडरच्या पदरात टाकतो. त्याची काकू ग्रँड डचेस एलेना पावलोव्हना हिचे नाव त्या संदर्भात क्वचितच निघते.

१८०७ साली जर्मनीतील व्युर्टेम्बर्गच्या राजघराण्यात जन्मलेली ही मुलगी १८२४ मध्ये झार पहिल्या पॉलचा धाकटा पुत्र मिखाईल याची पत्नी झाली. पतीचा जीव कवायतीत, पत्नीचा ग्रंथांत. संसार सुखाचा झाला नाही, यात नवल ते काय! १८४९ मध्ये वैधव्य आले आणि तिचे खरे सार्वजनिक जीवन सुरू झाले. क्रिमियन युद्धात, १८५४ साली, तिने परिचारिकांचा संघ उभारून शल्यविशारद पिरोगोव्ह यांच्या हाताखाली सेव्हास्तोपोलच्या रणभूमीवर धाडला. नाइटिंगेलबाईंची कीर्ती मात्र शाळकरी मुलांनाही पाठ असते.

तथापि तिच्या कर्तृत्वाची खरी कसोटी पोल्ताव्हा प्रांतातील कार्लोव्हका या तिच्या जहागिरीत लागली. तेथे सुमारे १५,००० भूदास होते. भूदासांना मुक्त करावे लागलेच, तर जमीन आपल्याकडेच राहावी, असा बहुतेक सरदारांचा आग्रह होता. अशी मुक्ती म्हणजे कालच्या दासाला आजचा भूमिहीन मजूर करणे होय. १८५६ मध्ये एलेनाने निकोलाय मिल्युतिन या अधिकाऱ्याच्या साहाय्याने निराळी योजना आखली : मुक्तीबरोबर जमीनही द्यावयाची, अर्थात मोबदला घेऊन. स्वतःच्या उत्पन्नाला हात घालणारी ही सुधारणा होती. झारने त्या वेळी संमती दिली नाही. पुढाकार सरदारवर्गाकडून यावा, अशी त्याची अपेक्षा होती. मिल्युतिनकडे दरबार संशयाने पाही. एलेनाने त्याची पाठराखण केली, आणि मुक्तीच्या कायद्याचा मसुदा घडविण्यात पुढे त्याचाच मोठा वाटा राहिला.

याच काळात तिच्या आश्रयाने १८५९ मध्ये रशियन संगीत संस्था व १८६२ मध्ये सेंट पीटर्सबर्गचे संगीत विद्यालय उभे राहिले. चायकोव्हस्की त्याच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी.

१८६१ चा जाहीरनामा निघाला आणि सरदारांना चुचकारण्यासाठी मिल्युतिनला लगेच पदावरून दूर करण्यात आले. जमीन मिळाली, पण अनेकांना पूर्वीपेक्षा कमी. शिवाय ४९ वर्षांच्या हप्त्यांचे ओझे मानेवर बसले. मोबदल्याचे तत्त्व एलेनाच्या योजनेतही होते, हा दोष तिच्या पदरी घालावाच लागेल. १८७३ च्या जानेवारीत ती वारली. शेतकरी हप्ते भरतच होते. १९०५ च्या उठावानंतर, १९०७ साली, ते माफ झाले.