परिचर्येतून संसदेकडे : अल्बर्टिना सिसुलू

दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्स्काय भागात २१ ऑक्टोबर १९१८ रोजी जन्मलेल्या अल्बर्टिना यांना तरुणपणी ख्रिस्ती जोगीण व्हावयाचे होते. परंतु वडील लवकर निवर्तले, आई आजारी आणि धाकट्या भावंडांची जबाबदारी शिरावर. जोगिणीला वेतन नसते, परिचारिकेला मात्र शिकत असतानाच विद्यावेतन मिळते, हे कळल्यावर त्यांनी तो मार्ग सोडला आणि १९४० मध्ये जोहान्सबर्गच्या कृष्णवर्णीयांसाठीच्या रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण आरंभिले.

१९४४ मध्ये वॉल्टर सिसुलू यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पतींनी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या कार्यास वाहून घेतले आणि घर परिचारिकेच्या वेतनावर चालू लागले. पुढे त्या सुईणही झाल्या. साधनांची पेटी घेऊन वस्तीत पायी फिरत आणि घरोघरी बाळंतपणे करीत. या फिरतीत घराघरांशी जडलेला जिव्हाळा कोणत्याही सभेतून मिळाला नसता! ९ ऑगस्ट १९५६ रोजी, स्त्रियांवर परवाने लादण्याच्या निषेधार्थ प्रिटोरियात सुमारे २०,००० स्त्रिया जमल्या, त्यांत अल्बर्टिना होत्या.

१९६३ मध्ये त्यांना विनाचौकशी कोठडीत डांबण्यात आले. १९६४ मध्ये वॉल्टर यांना जन्मठेप झाली. त्यानंतर जवळजवळ सतरा वर्षे अल्बर्टिना यांच्यावर सरकारी निर्बंध होते, त्यांतील काही काळ गृहबंदीचा. तरीही नोकरी आणि मुलांचे शिक्षण त्यांनी सोडले नाही. १९८३ मध्ये त्या तुरुंगात असतानाच संयुक्त लोकशाही आघाडीच्या अध्यक्षांपैकी एक म्हणून त्यांची निवड झाली.

निवृत्तीनंतर त्यांनी सोवेटोतील भारतीय वंशाचे डॉक्टर अबू बकर अस्वात यांच्या दवाखान्यात काम धरले. दोघांच्या संघटना परस्परविरोधी, त्यांच्या अनुयायांत रक्तपातही झालेला. दवाखान्यात मात्र गोरगरिबांची सेवा एकत्र चाले. २७ जानेवारी १९८९ रोजी रुग्ण म्हणून आलेल्या मारेकऱ्यांनी डॉक्टरांना गोळ्या घातल्या. त्या वेळी अल्बर्टिना दवाखान्यातच होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात, पंचवीस वर्षांहून अधिक कारावास भोगून, वॉल्टर घरी परतले.

१९९४ मध्ये पंचाहत्तराव्या वर्षी त्या संसदेवर निवडून आल्या. ९ मे रोजी राष्ट्राध्यक्षपदासाठी नेल्सन मंडेला यांचे नाव सभागृहात त्यांनीच सुचविले. मंडेला त्यांच्या घरचेच, पन्नास वर्षांपूर्वी त्यांच्या लग्नात वराचे पाठराखे! १९९९ पर्यंत त्या खासदार होत्या. २ जून २०११ रोजी जोहान्सबर्ग येथे त्यांचे निधन झाले.