मृत्यूंच्या आकड्यांचा अर्थ लावणारा वैद्य

१८४७ सालच्या नोव्हेंबरअखेरीस लंडन शहरात इन्फ्लुएन्झाची साथ पसरली. घरोघरी माणसे तापाने फणफणली होती. साथ ओसरल्यावर मृत्यूच्या नोंदवह्या तपासण्यात आल्या, तेव्हा इन्फ्लुएन्झा हे कारण लिहिलेले मृत्यू फारसे नव्हते. बाकीचे मृत्यू न्यूमोनिया, श्वासनलिकेचा दाह, दमा, वार्धक्य अशा नेहमीच्याच रकान्यांत विखुरलेले होते. सरकारी निबंधक कार्यालयातील एका अधिकाऱ्याने मात्र वेगळाच प्रश्न विचारला. साथ आली नसती, तर याच ऋतूत, याच शहरात किती माणसे दगावली असती? ती संख्या एकूण मृत्यूंतून वजा करता पाच हजारांहून अधिक मृत्यू जादा उरले. साथीने घेतलेला खरा बळी तो होता. हा हिशेब मांडणारे अधिकारी म्हणजे डॉ. विल्यम फार.

फार यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८०७ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यातील केनली या खेड्यात एका गरीब शेतमजुराच्या घरी झाला. जोसेफ प्राइस नावाच्या एका सधन गृहस्थांनी या मुलाला लहानपणीच आपल्या आश्रयाखाली घेतले आणि त्याच्या शिक्षणाची सोय केली. १८२८ मध्ये प्राइस निवर्तले, ते फार यांच्यासाठी ५०० पौंड मागे ठेवूनच. त्या पैशावर फार पॅरिसला गेले. रुग्णांच्या नोंदी मोजून उपचारांचा गुणदोष ठरवावा, असा आग्रह धरणाऱ्या पिएर लुई यांची व्याख्याने त्यांनी तेथे ऐकली. १८३२ मध्ये त्यांना वैद्यकीचा परवाना मिळाला आणि लंडनमध्ये त्यांनी व्यवसाय थाटला. पण तो बेताचाच चालला. त्यांचे मन रुग्णांच्या नाडीपेक्षा समाजाच्या नाडीत गुंतले होते. १८३७ मध्ये त्यांची पत्नी क्षयाने मरण पावली. त्याच वर्षी १ जुलैपासून इंग्लंड व वेल्समध्ये जन्म-मृत्यूंची मुलकी नोंदणी सुरू झाली. पुढच्या वर्षी फार या खात्यात दाखल झाले आणि तब्बल चार दशके तेथेच राहिले.

नोंदवहीतील प्रत्येक मृत्यूमागे कारण असते आणि कारणामागे आणखी एक कारण असते, हे त्यांना पहिल्याच अहवालात अनुभवास आले. पहिल्या सहामाहीतील सुमारे १ लाख ४८ हजार मृत्यूंपैकी ६३ मृत्यू त्यांनी उपासमारीच्या रकान्यात घातले. गरीब कायदा आयोगाचे सचिव एडविन चॅडविक यांनी त्यावर आक्षेप घेतला. उपासमारीने माणसे मरतात असे सरकारी अहवालातच छापले जावे, हे आयोगाला परवडणारे नव्हते. फार यांनी माघार घेतली नाही. भूक सहसा थेट मारत नाही, ती शरीर पोखरते आणि अखेरचा घाव रोगाच्या नावावर जमा होतो, अशी त्यांची भूमिका होती. आकडे कोणत्या रकान्यात जातात, हा प्रश्न निव्वळ कारकुनीचा नसतो, हे या वादातून दिसून आले. रोगांच्या वर्गीकरणासाठी फार यांनी पुढे आयुष्यभर परिश्रम घेतले. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाची मुळे त्या परिश्रमांत सापडतात.

त्यांची खरी कसोटी लागली ती पटकीच्या साथींत. १८४८-४९ च्या साथीत इंग्लंड व वेल्समध्ये ५३ हजारांहून अधिक माणसे मरण पावली. त्यांपैकी सुमारे १४ हजार एकट्या लंडनमधली होती. फार यांनी शहराच्या प्रत्येक भागाची लोकसंख्या, घरभाडे, दाटी, पाणीपुरवठा आणि थेम्स नदीच्या पातळीपासूनची उंची यांची मृत्युदराशी तुलना केली. उंचीचा संबंध थक्क करणारा होता. नदीपातळीपासून २० फुटांच्या आतील वस्तीत पटकीने दर दहा हजारांमागे १०२ माणसे मेली होती, तर साडेतीनशे फुटांवरील हॅम्पस्टेडमध्ये दहाहूनही कमी. सखल भागातील चिखलातून उठणारी दूषित हवा हेच साथीचे कारण, असा निष्कर्ष त्यांनी १८५२ च्या अहवालात काढला. तत्कालीन वैद्यकाचेही मत तेच होते.

आकडे अचूक होते. अर्थ चुकला होता. सखल भागातील लोक घाणेरडी हवा तर घेत होतेच, पण तेच लोक नदीच्या खालच्या भागातून उपसलेले, शहराच्या मैल्याने नासलेले पाणीही पीत होते. पटकी पाण्यातून पसरते असे सांगणारे डॉ. जॉन स्नो यांच्याशी फार सहमत नव्हते. तरीही १८५४ च्या साथीत त्यांनी स्नो यांना मृतांचे पत्ते पुरवले आणि प्रत्येक मृताच्या घरी कोणत्या कंपनीचे पाणी येत होते, हे नोंदवण्याची सूचना स्थानिक निबंधकांना दिली. आपल्याच मताविरुद्ध जाणारा पुरावा गोळा करण्यास मदत करणारे अधिकारी कोणत्याही काळात विरळाच. स्नो यांच्या तपासात सदर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनीच्या दर दहा हजार घरांमागे ३१५ मृत्यू निघाले. शहराच्या वरच्या अंगाने पाणी घेणाऱ्या लॅम्बेथ कंपनीच्या घरांत ते अवघे ३७ होते.

स्नो १८५८ मध्ये वारले. १८६६ मध्ये पटकी परत आली, तेव्हा साप्ताहिक मृत्युपत्रके पाहताना फार यांच्या लक्षात आले की मृत्यू पूर्व लंडनमध्ये एकवटले आहेत आणि त्या भागाला एकच कंपनी पाणी पुरवते. गाळलेले पाणीच देतो, असे कंपनी छातीठोकपणे सांगत होती. पण ग्राहकांच्या नळांतून ईल मासे निघाले होते. ओल्ड फोर्ड येथील उघड्या तलावातील पाणी नळांत सोडले गेल्याचे चौकशीत सिद्ध झाले. पंधरा वर्षांपूर्वी हवेला दोष देणारे फार आता पाण्याच्या बाजूने ठामपणे उभे राहिले.

क्रिमियन युद्धाहून परतलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्याशी १८५६ पासून त्यांचा स्नेह जुळला. सैन्यातील मृत्यूंचे नाइटिंगेल यांचे प्रसिद्ध विश्लेषण फार यांच्या साह्याने सिद्ध झाले. भारतातील सैन्याच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ मध्ये नेमलेल्या शाही आयोगाचे फार हे सदस्य होते. येथील ब्रिटिश सैनिकांचा वार्षिक मृत्युदर दरहजारी ६९ असल्याचे आयोगाने १८६३ मध्ये उघड केले. त्यातला मोठा वाटा लढाईचा नसून रोगांचा आणि बराकींतील अस्वच्छतेचा होता.

याच काळात या दोघांच्या हातून एक चूकही झाली. लंडनमधील २४ रुग्णालयांचा मृत्युदर शेकडा नव्वदहून अधिक असल्याचा तक्ता नाइटिंगेल यांच्या १८६३ च्या पुस्तकात छापला गेला. डॉक्टरांत संतापाची लाट उसळली. वर्षभरातील मृत्यूंना एका विशिष्ट दिवशी खाटांवर असलेल्या रुग्णांच्या संख्येने भागले गेले होते. वर्षभरात एकेका खाटेवर अनेक रुग्ण येऊन जातात. त्यांचा हिशेबच या भागाकारात नव्हता. दर म्हणून त्या संख्येला अर्थ होता. पण दाखल झालेल्या शंभरांपैकी नव्वद रुग्ण मरतात, असा जो बोध वाचकाला झाला, तो साफ चुकीचा होता. अंश बरोबर असूनही छेद चुकला की सत्याचा विपर्यास होतो, आणि तो फार यांच्यासारख्या जाणकाराच्या हातूनही होऊ शकतो.

१८७९ मध्ये महानिबंधकाचे पद रिक्त झाले, तेव्हा फार यांना डावलून सर ब्रिजेस हेनिकर यांची नेमणूक झाली. व्यथित झालेल्या फार यांनी १८८० मध्ये सेवानिवृत्ती पत्करली. १४ एप्रिल १८८३ रोजी त्यांचे निधन झाले. लंडनच्या आरोग्यविज्ञान व उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेच्या इमारतीवर पाश्चर, लिस्टर यांच्या पंक्तीत त्यांचे नाव कोरलेले आहे.

कोविडच्या महासाथीनंतर जगाला फार यांचीच वजाबाकी पुन्हा करावी लागली. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत जगात कोविडचे सुमारे ५४ लाख मृत्यू अधिकृतपणे नोंदले गेले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये जाहीर केलेला जादा मृत्यूंचा अंदाज मात्र १ कोटी ४९ लाखांचा होता. भारतासह काही देशांच्या आकड्यांवरून तीव्र मतभेद झाले. साथ नसती तर किती मृत्यू झाले असते, हा अंदाज कसा बांधायचा, हाच वादाचा मुद्दा होता. नोंदणी जितकी चोख, तितका हा वाद कमी. म्हणूनच गावच्या किंवा प्रभागाच्या कचेरीत भरला जाणारा मृत्यूचा साधा अर्ज हे निर्जीव कागदपत्र नव्हे. जाणाऱ्याने मागे राहिलेल्यांसाठी ठेवलेली ती अखेरची माहिती असते. ती प्रामाणिकपणे लिहावी, सावधपणे वाचावी आणि चूक उमगली तर मत बदलावे, हा विल्यम फार यांच्या आयुष्याचा वारसा आहे.