विश्लेषण : समुद्र अभ्यासणाऱ्या रेचल कार्सन डीडीटीविरोधात का उभ्या राहिल्या?

रेचल कार्सन म्हटले की कीटकनाशकांच्या अतिवापरावरचे ‘सायलेंट स्प्रिंग’ हे पुस्तक आठवते. मात्र त्यांची पहिली तिन्ही पुस्तके समुद्राविषयी होती. सागरी जीवशास्त्रज्ञ या लढ्याकडे कशा वळल्या, त्याविषयी...

समुद्राशी नाते कसे जुळले?
कार्सन यांचा जन्म २७ मे १९०७ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात, समुद्रापासून दूर झाला. महाविद्यालयात साहित्य सोडून त्या जीवशास्त्राकडे वळल्या. १९२९ मध्ये वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत त्यांना समुद्र जवळून अभ्यासता आला. १९३२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून त्यांनी प्राणिशास्त्रात एमए केले. घरच्या आर्थिक ओढाताणीमुळे पीएचडी मात्र राहून गेली. १९३६ मध्ये त्या सरकारच्या मत्स्य विभागात रुजू झाल्या.

प्रसिद्धी कशी मिळाली?
१९४१ मधील पहिले पुस्तक महायुद्धाच्या धामधुमीत फारसे खपले नाही. १९५१ मध्ये आलेले ‘द सी अराउंड अस’ मात्र ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बेस्टसेलर यादीत ८६ आठवडे होते. १९५२ मध्ये नोकरी सोडून त्या पूर्णवेळ लेखिका झाल्या.

डीडीटीचा धोका काय होता?
डीडीटी लवकर विघटित होत नाही. ते प्राण्यांच्या चरबीत साठते आणि अन्नसाखळीत वर जाताना त्याचे प्रमाण वाढते. मिशिगनमध्ये एल्म वृक्षांवर फवारणी झाली. गळलेली पाने गांडुळांनी खाल्ली, ती गांडुळे खाऊन रॉबिन पक्षी मेले. अशा नोंदी कार्सन यांनी १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये एकत्र मांडल्या.

विरोधाला तोंड कसे दिले?
रसायन उद्योगाने त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. त्याच काळात त्या स्तनाच्या कर्करोगाशी झुंजत होत्या. आजार कळला तर पुस्तकामागे वैयक्तिक राग असल्याचा आरोप होईल, म्हणून त्यांनी तो लपवला. मे १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या विज्ञान सल्लागार समितीच्या अहवालाने त्यांच्या इशाऱ्याला बळ दिले. जूनमध्ये त्यांनी सिनेट समितीपुढे साक्ष दिली. १४ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पुढे काय घडले?
अमेरिकेत १९७० मध्ये पर्यावरण संरक्षण संस्था स्थापन झाली आणि १९७२ मध्ये शेतीतील डीडीटीवर बंदी आली. कार्सन यांनी सर्व कीटकनाशकांवर सरसकट बंदी मागितली नव्हती. बेसुमार फवारणीमुळे कीटक औषधाला दाद देईनासे होतात आणि रोगनियंत्रणही अवघड होते, हा त्यांचा इशारा होता.